कुठेतरी पाणी मुरते आहे

मराठी माणसाच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी डोकावणारा एक वाक्प्रचार आहे. नव्या रस्त्याला पहिल्याच पावसात खड्डे पडले, गृहनिर्माण संस्थेच्या जमाखर्चाचा मेळ बसेना, बेताच्या पगारावरील एखाद्या गृहस्थाने पाहता पाहता दुमजली बंगला उभा केला, की ऐकणारा मान हलवितो आणि म्हणतो, ‘कुठेतरी पाणी मुरते आहे.’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. आरोप होतो, पण कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. संशय व्यक्त होतो, पण पुरावा मागितला जात नाही. बोलणारा चतुर ठरतो आणि ऐकणारा त्याच्या चतुराईत वाटेकरी होतो. इतके सोयीचे वाक्य भाषेत सहसा सापडावयाचे नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे थोडे निरखून पाहणे इष्ट आहे.

संशयाला सर्वच भाषांनी शब्द दिले आहेत. हिंदी बोलणाऱ्याला डाळीत काहीतरी काळे दिसते. इंग्रजी बोलणाऱ्याला व्यवहाराला माशाचा वास येतो. एकाचा संशय डोळ्यांना होतो, दुसऱ्याचा नाकाला. आणि दोघांनाही जे खटकते ते समोर हजर असते. मराठी संशयाची जात थोडी निराळी आहे. येथे नको असलेली वस्तू दिसत नाही. हवी असलेली वस्तू पोचलेली नसते. वरून जितके पाणी सोडले तितके खाली आले नाही, एवढीच काय ती खूण. असा संशय घ्यावयाचा तर नाक-डोळे तीक्ष्ण असून भागत नाही. वरच्या टोकाला किती सोडले आणि खालच्या टोकाला किती मिळाले, ही दोन्ही मापे ठाऊक असावी लागतात. म्हणजे या वाक्प्रचाराच्या मुळाशी हिशेब आहे.

हा हिशेब करणारा माणूस पाटाच्या कडेला उभा असतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि प्रत्येक फडात सर्वांनी मिळून ठरविलेले एकच पीक, अशी ती व्यवस्था. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाण्याची धार बारीक झाली, की पाटकऱ्याला काय करावे लागते? फावडे खांद्यावर टाकून त्याला पाटाच्या काठाने उलटे, मुखाकडे चालत जावे लागते. कुठे उंदराने बीळ केले आहे, कुठे काठ खचला आहे, कुठे तळाशी वाळूचा पट्टा लागला आहे आणि कुठे शेजाऱ्याने रात्री हळूच मातीचा बांध फोडला आहे, हे चालल्याखेरीज कळत नाही. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ या उद्गारात ‘कुठेतरी’ हा शब्द येतो, तो याच अर्थाने. ठिकाण अजून सापडलेले नाही, ते शोधावयाचे आहे.

याच वाक्यातील क्रियापदही पाहण्यासारखे आहे. पाणी कोणी ‘चोरते’ असे त्यात म्हटलेले नाही. ‘मुरते’ हे अकर्मक क्रियापद आहे; त्यात चोर नाही की साव नाही. चोरी झाली असेल, निष्काळजी झाली असेल, अथवा जमीनच तशी असेल. चौकशीपूर्वी निकाल देण्याचे हे वाक्य नाकारते. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर हा मोठाच संयम होय. परंतु गावातून शहरात येता येता वाक्य तेवढे आले आणि फावडे मागे राहिले. पाटकऱ्याच्या तोंडी जी कामाची सुरुवात होती ती शहरी माणसाच्या तोंडी कामाचा शेवट झाली. ‘पाणी मुरते आहे’ असे म्हणावयाचे आणि चहाचा दुसरा पेला मागवावयाचा, ही आजची रीत आहे.

आता ‘मुरणे’ या शब्दाचेच आणखी काही संसार पाहू. कैरीचे लोणचे मुरते तेव्हा घरातील गृहिणी त्याविषयी संशय घेत नाही. उलट, मुरल्याशिवाय ते पानात वाढीत नाही. मुरांबा मुरावाच लागतो. मुरलेला गवई, मुरलेला वकील असे म्हणताना विद्या त्याच्या अंगात किती खोल उतरली आहे याची आपण पावती देतो. एकच क्रियापद बरणीत गुण ठरते आणि पाटात दोष ठरते. असे का व्हावे? बरणीच्या बाबतीत मुरलेला रस कोठे गेला हे आपल्याला ठाऊक असते: तो फोडीत गेला. पाटाच्या बाबतीत पाणी कोठे गेले हे ठाऊक नसते, म्हणून ते गमावले असे आपण समजतो. म्हणजे दोष मुरण्यात नसून आपल्या अज्ञानात असण्याचा संभव आहे.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत या गमावण्याला ‘वहनव्यय’ असा शब्द आहे. धरणातून सोडलेल्या पाण्यापैकी कालव्याच्या वाटेत जे बाष्प होऊन गेले, पाझरले, गळले ते सारे वहनव्ययाच्या रकान्यात पडते. पण कालव्याशेजारचा बागाईतदार त्याच पाझराकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहतो. कालवा वाहू लागला की त्याच्या विहिरीला पाणी चढते. कालव्याला सिमेंटचे अस्तर केले की कागदावरचा व्यय घटतो आणि काठच्या विहिरींची पातळीही उतरते. कचेरीच्या वहीत जे बुडाले ते शेतकऱ्याच्या मोटेत, पुढे पंपात, निघाले होते. अर्थात मुरणे नेहमीच हितकारक असते असेही नाही. नीरा नदीच्या डाव्या कालव्याखाली विसाव्या शतकाच्या आरंभी पाणी अतोनात मुरून काही काळ्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, आणि जमिनीखालचे पाणी काढून देण्यासाठी चर खणण्याची वेळ आली. तेव्हा नुसते ‘मुरते’ एवढे कळून चालत नाही. कोठे, किती आणि कशा प्रकारचे पाणी मुरते हे कळले पाहिजे.

महाराष्ट्राने हा धडा १९७२ च्या दुष्काळात मोठी किंमत देऊन गिरविला. रोजगार हमीच्या कामांवर त्या काळात आणि पुढे हजारो पाझर तलाव झाले. पाझर तलाव ही चमत्कारिक वास्तू आहे. इतर तलाव भरलेला राहिला तर त्याचे कौतुक होते. पाझर तलाव रिकामा झाला तर तो यशस्वी समजला जातो. पाणी मुरविण्यासाठी सरकारने खर्च करावा, ही गोष्ट त्या वाक्प्रचाराला उलटी करणारीच होती. पुढे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर आली. ‘जिरणे’ हाही तसा बदनाम शब्द. एखाद्याची जिरली म्हणजे त्याचा ताठा उतरला. त्या शब्दाला या घोषणेने प्रतिष्ठा दिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाच्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडण्याची प्रथा घातली. पाऊस किती पडला, किती मुरला, आणि त्यावर कोणती पिके घेता येतील, हे गाव एकत्र बसून ठरवू लागले. पाटकऱ्याचा हिशेब असा गावाच्या चावडीवर आला.

खेड्याने जो अर्थ पुन्हा शोधून काढला तो शहराच्या उपयोगी पडतो काय, हे पाहण्यासाठी मात्र महाराष्ट्राबाहेर, बेंगळूरुस जावे. या शहराचा मराठी इतिहासाशी जुना संबंध आहे. १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज पुण्या-मुंबईची आणि विदर्भ-खानदेशाची कितीतरी तरुण कुटुंबे संगणकाच्या नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाली आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम शहराच्या आग्नेयेस असलेल्या एचएसआर लेआउटमध्ये आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून या वसाहतीस हे नाव पडले. बेंगळूरु विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकात ती आखली. सात विभाग, रुंद रस्ते, उद्याने, तीस फूट बाय चाळीस फुटांचे आटोपशीर भूखंड. नव्या उद्योगांची ती आज पेठ झाली आहे.

या वसाहतीच्या काठाला अगरा तलाव आहे. बेंगळूरुला मोठी नदी नाही. सोळाव्या शतकात केंपेगौडाने शहर वसविले तेव्हापासून, आणि त्याच्याही पूर्वीपासून, या उंचवट्यावरील लोकांनी पावसाचे पाणी तलावांच्या साखळ्यांत धरले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी कालव्यात उतरावे आणि खालच्या तलावात जावे, अशी ती रचना. मडिवाळचे पाणी अगऱ्यास, अगऱ्याचे बेळ्ळंदुरास, बेळ्ळंदूरचे वर्तूरला आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीस. या मोठ्या ओढ्यांना कानडीत राजकालुवे म्हणतात. तलावाची तूम उघडणारा आणि कालव्यांची निगा राखणारा जो गावकामगार असे, त्याला नीरगंटी म्हणत. आपला पाटकरी आणि त्यांचा नीरगंटी हे एकाच व्यवसायातील भाऊबंद होत.

२०२२ च्या सप्टेंबरातील ४ तारखेच्या रात्री बेंगळूरुवर मोठा पाऊस कोसळला. शहराच्या वेधशाळेत चोवीस तासांत १३१.६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता, बाह्य वळण रस्ता आणि एचएसआर लेआउटचे काही भाग पाण्याखाली गेले. लक्षावधी रुपये पगार घेणारे अभियंते ट्रॅक्टरवर उभे राहून कचेरीस निघाल्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली.

अशा वेळी या वसाहतीतील एखाद्या मराठी घरात काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. समजा, मुलाकडे चार महिने राहावयास आलेले साक्री तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी गच्चीतून खाली पाहत आहेत. मुलगा संतापून म्हणतो, “आप्पा, या सगळ्यात कुठेतरी पाणी मुरतंय, बघा.” त्याच्या डोळ्यांपुढे ओढ्यांवरील अतिक्रमणे आहेत, परवाने आहेत, ठेकेदार आहेत. आणि आप्पा शांतपणे म्हणतात, “मुरत असतं तर दारात कशाला आलं असतं रे? मुरेना, म्हणून तर तुंबलंय.”

मुलगा अगदीच चुकीचे बोलत नव्हता. त्या पुरानंतर महापालिकेने राजकालुव्यांवरील बांधकामे पाडण्याची मोहीम काढली, तेव्हा मोठमोठ्या आवारांच्या भिंतीही तीत सापडल्या. पण आप्पांचे उत्तर अधिक खोल आहे. कारण ते केवळ दुसऱ्याच्या भिंतीविषयी नाही. आपल्या अंगणाविषयीही आहे. तीस बाय चाळीसचा भूखंड म्हणजे बाराशे चौरस फूट, म्हणजेच सुमारे १११ चौरस मीटर. त्यावर १३१.६ मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचौदा हजार लिटरांहून अधिक पाणी होते. भूखंडभर घर बांधले, उरलेल्या पट्टीत मोटारीसाठी फरशी घातली, तर हे सारे पाणी काही मिनिटांत रस्त्यावर जाते. शेजारच्या घराचेही तसेच. मातीचे अंगण असते तर त्यातील काही भाग तेथेच थबकला असता, मुरला असता आणि उरलेला सावकाश वाहिला असता. वसाहतीत जी शेकडो घरे बुडाली म्हणून हळहळतात, त्यांतील प्रत्येकाने त्या रात्री साडेचौदा हजार लिटरांचा आपला वाटा पुरात घातलेला असतो. त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

यानंतर दीड वर्षाने दृश्य बदलले. २०२३ चा पावसाळा कमी झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळूरु पाण्यावाचून तडफडू लागले. शहरातील सुमारे १४,००० सार्वजनिक विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे शासनाने सांगितले. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. टँकरचे भाव इतके चढले की जिल्हा प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले. ज्या भागात ट्रॅक्टरवर बसून लोक कचेरीस गेले होते, त्याच भागात ते टँकरची वाट पाहत उभे राहिले. तेव्हाही घरोघरी तेच वाक्य निघाले: टँकरवाल्याला पाणी मिळते आणि नळाला येत नाही, तेव्हा कुठेतरी पाणी मुरते आहे.

येथे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. बारा हजार लिटरांचा टँकर ज्या घराने मार्चमध्ये महागात विकत घेतला, त्याच घरावरून दीड वर्षापूर्वी एका रात्रीत त्याहून अधिक पाणी फुकट निघून गेले होते. पूर आणि टंचाई ही दोन निरनिराळी संकटे म्हणून आपण मोजतो. पाटकरी ती एकाच पाटाची दोन टोके म्हणून मोजील. बेंगळूरुची जमीन खाली कठीण खडकाची आहे. वरच्या मातीत व झिजलेल्या खडकात मुरलेले पाणी भेगांतून फार सावकाश खोल उतरते. हजार फुटांखालून उपसा करावयाचा आणि वरून फरशी घालावयाची, म्हणजे पेढीतून रोज रक्कम काढावयाची आणि भरण्याची खिडकी विटांनी बुजवून टाकावयाची, असा हा व्यवहार आहे.

दुसरीकडे शहराचे नळाचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून कावेरीतून येते आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढविले जाते. १९७४ मध्ये या योजनेचा पहिला टप्पा आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दररोज ७७५ दशलक्ष लिटरांचा पाचवा टप्पा सुरू झाला. एवढ्या सायासाने आणलेल्या पाण्यापैकी जे वाटेत गळते अथवा मोजलेच जात नाही, त्याला पाणीपुरवठा खाती ‘हिशेबबाह्य पाणी’ म्हणतात. आपल्या वाक्प्रचाराचे ते सरकारी नामांतर होय. या गळतीचा शोध घेणे हे मंडळाचे कर्तव्य आहे आणि नागरिकांनी ते मागितलेच पाहिजे. पण नळाच्या हिशेबबाह्य पाण्याविषयी जाब विचारणाऱ्याने आपल्या छपरावरच्या हिशेबबाह्य पाण्याचाही जबाब तयार ठेवावा, एवढे हे वाक्य सुचविते.

कायद्याने ते सुचविलेही आहे. बेंगळूरु पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन, चोवीसशे चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडावरील जुन्या इमारतींना आणि बाराशे चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे झाले. छपराचे पाणी गाळून टाकीत घ्यावे अथवा शोषविहिरीतून जमिनीत सोडावे, असा तो नियम. या शोषविहिरी खणणारे हात तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मण्णू वड्डर ही विहीर खणणाऱ्यांची जमात. आपल्याकडील मातीवडारांची ती भाषांतरित ओळख म्हणावी, कारण ‘मण्णू’ म्हणजे मातीच. विंधनयंत्रे आली तेव्हा त्यांचा धंदा बसला होता. पाणी जमिनीत घालण्यासाठी विहिरी हव्यात असे शहराला कळले तेव्हा त्यांच्या पहारींना पुन्हा काम मिळू लागले. मात्र नीराकाठचा इशारा येथेही विसरून चालणार नाही. सांडपाणी आणि रसायने यांनी बेळ्ळंदूर तलावावर फेस येई, आणि २०१७ व २०१८ मध्ये तर त्याच्या पृष्ठावर आगही भडकली. तसले पाणी जमिनीत मुरले तर ते पुढच्या पिढीच्या घागरीतच उतरेल. छपरावरचा पाऊस मुरवावा; गटार मुरवू नये.

मग हा वाक्प्रचार आपल्याला खरोखर सांगतो तरी काय? कोणीतरी लबाडी करीत आहे, एवढेच तो सांगत असता तर त्याला पाण्याची गरज नव्हती. चोरीचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. तो तीन प्रश्न विचारतो. निघाले किती? पोचले किती? आणि मधले कोणाच्या विहिरीत गेले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोजून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर पाटाच्या काठाने चालून मिळते. सार्वजनिक पैशाचा हिशेब असो वा पावसाच्या पाण्याचा, ज्याने मोजले नाही आणि जो चालला नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य केवळ गप्पांचा विषय होते. अशा गप्पांनी अप्रामाणिक माणसाचे काही बिघडत नाही. नाव कोणाचेच घेतलेले नसल्यामुळे त्यालाही त्यांत हसत हसत भाग घेता येतो. प्रामाणिक माणसावर मात्र उगाच शिंतोडे उडतात.

एचएसआर लेआउटच्या रस्त्यांवरून पाण्याचा माग काढावयाचा तर तो घराच्या पन्हळीपासून सुरू होतो. फरशीवरून गटारात, गटारातून राजकालुव्यात, अगऱ्यातून बेळ्ळंदुरात जातो. हा रस्ता काही मैलांचाच आहे आणि तो चालावयास कोणाची परवानगी लागत नाही. तो चालून आलेला माणूस ‘कुठेतरी’ हा शब्द पुन्हा वापरणार नाही. तो जागेचे नाव सांगेल. आणि त्या नावांच्या यादीत त्याचे स्वतःचे अंगण असले, तर दुरुस्तीला तेथूनच आरंभ करणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपे, हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.